मामंजी डोंगरावर गेलेत

त्या दिवशी फांगांच्या घरात सकाळपासून कुणाचं कशात लक्ष नव्हतं. स्वयंपाकघरात टोफू करपला. मागच्या अंगणात बदकांना खाणं घालायचं राहून गेलं, ती बिचारी ओरडून ओरडून थकली. घरच्या शाईच्या दुकानातला कारकून काही ना काही निमित्त काढून आत डोकावून जात होता. कारण एकच. जेवणं आटोपली की मामंजी डोंगरावर जाणार होते, आणि तेही थोरल्या सुनेनं काढलेल्या डोंगरावर!

मामंजी म्हणजे फांगांचे म्हातारे. पूर्वी दर पानगळीला ते डोंगरावर जात. तिथं त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली गवताची एक झोपडी होती, तीत एकटेच राहत आणि चित्रं काढत. एका वर्षी उतरताना पाय घसरला आणि उजवा गुडघा फुटला. तो पुन्हा वाकला म्हणून नाही. पाय वल्ह्यासारखा सरळच्या सरळ. तेव्हापासून पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, एवढीच काय ती वाटचाल.

पण म्हातारा स्वस्थ बसणारा नव्हता. रोज दुपारी पलंगाशेजारच्या मेजावर डोंगरदऱ्यांच्या चित्राची एखादी लांब गुंडाळी घ्यायची, गवती वहाणा पायांत चढवून घ्यायच्या, काठी मांडीशी ठेवायची आणि चित्रातल्या पायवाटेवर बोट टेकवून निघायचं. नुसतं बघायचं नाही, निघायचं! चढ आला की त्यांना धाप लागे. वाटेत झरा दिसला की घोटभर पाणी मागत. आणि त्या वेळात दारात कुणी का येईना, सुभेदार येवो नाहीतर सोयरा, घरच्यांनी सांगायचं ते ठरलेलं होतं: "डोंगरावर गेलेत." घरात आहेत असं म्हणायची सोयच नव्हती. एका नव्या नोकरानं चुकून "आत पडलेत" म्हणून सांगितलं, तर म्हाताऱ्यानं रात्री जेवणाच्या ताटाला हात लावला नाही. डोंगरावरच्या माणसाला कुणी हाक मारायची नसते, हा या घरचा कायदा.

तो कायदा आपल्यालाही लागू व्हावा, एवढंच सुवेईचं मागणं होतं.

सुवेई घरातली थोरली सून. नवरा व्यापाराला म्हणून नदीवाटे गेला तो तिकडंच तापानं वारला. मूल अगदी लहान. तेव्हापासून ती या घरात राबत होती. "थोरली, किल्ल्या कुठं आहेत?" "थोरली, पाहुणे आलेत!" "थोरली, लोणच्याचा रांजण गळतोय!" झोपेतसुद्धा तिला हाका ऐकू येत. दिवसातली एकच घटका तिची स्वतःची असे, ती मामंजींसाठी शाईची कांडी उगाळतानाची. शाई उगाळता उगाळता ती चित्रं बघायला शिकली, आणि बघता बघता काढायलाही. म्हाताऱ्यानं आधी तिच्या हातावर कुंचल्याची दांडी मारली, मग चुका दाखवल्या, आणि मग एक दिवस आपला जुना कुंचलाच तिला देऊन टाकला.

मुलगा मोठा झाला, यंदाच्या वसंतात त्याचं लग्नही झालं. सून चलाख निघाली, आठवडाभरात किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला शोभायला लागला. मग सुवेईनं जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "यंदाची पानगळ मी मामंजींच्या झोपडीत काढीन म्हणते. एकटी. हिमाच्या आधी परत येईन."

बाप रे! जेवणाच्या काड्या हातातल्या हातात राहिल्या.

"एकटी?" तिचा दीर देशेंग ओरडला. मामंजींनी कारभार त्याच्याकडं सोपवला होता, तेव्हापासून त्याला सगळ्याच गोष्टी ओरडून सांगायची सवय लागली होती. "फांगांची विधवा सून रानात एकटी? लोक तोंडात शेण घालतील, वहिनी!"

"रान कसलं भावजी, हाकेच्या अंतरावर भिक्षुणींचा मठ आहे."

"आणि नवमीला पितरांचं कोण करणार?"

"नव्या सूनबाई करतील. माझ्यापेक्षा नीट करतात."

"काय बाई हौस तरी!" धाकटी जाऊ रुईलियन म्हणाली. ती मोठ्या व्यापाऱ्याची लेक, पावलं अशी चिमुकली बांधलेली की अंगण ओलांडायचं तर भिंतीचा आधार लागे. "तरी बरं, वहिनींचे पाय आहेतच डोंगर चढण्याजोगे."

हा टोमणा सुवेईला रोजच्या भातासारखा झाला होता. तिचा बाप पाइनची लाकडं जाळून शाईसाठी काजळी धरायचा. आई लवकर गेली, पोरीचे पाय बांधायला कुणाला सवडच झाली नाही. मामंजींनी काजळी घ्यायला जाता येता ही पोर पाहिली आणि हट्टानं सून करून आणली. तेव्हापासून रुईलियनला दोन गोष्टी सलत. एक थोरलीचे मोठे पाय, दुसरं तिचं बसणं. सुवेई कामातून जरा मोकळी झाली की डावा गुडघा उभा करी, त्यावर हनुवटी टेकवी आणि कुठंतरी बघत राही. "वहिनी, गुडघा खाली घ्या! हमालासारख्या काय बसता?" हे रुईलियन दिवसातून कितीदा म्हणत असेल, देवच जाणे.

त्या रात्री वाद बराच पेटला. शेवटी सगळे म्हाताऱ्याकडं वळले. म्हातारा गप्प होता, आणि का गप्प होता हे सुवेईला ठाऊक होतं. ती गेली तर त्यांची शाई कोण उगाळणार? चित्राची गुंडाळी कोण सरकवणार? त्यांनाही ती जायला नकोच होती.

"देशेंग, कारभार तुझा आहे," म्हातारा हळूच म्हणाला. "पण तो डोंगर माझा आहे. सुवेई, मला तो काढून दाखव. पायथ्यापासून झोपडीपर्यंत. मी तुझ्या चित्रातून चढेन. न अडखळता पोचलो तर तू जा. अडखळलो तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. कबूल?"

"कबूल!" देशेंगच आधी बोलून गेला. मामंजी चित्रांत किती चोखंदळ आहेत हे त्याला माहीत होतं. नामांकित चित्रकारांच्या वाटांवर ते अडखळत, मग ही काय!

सुवेईनं सगळा उन्हाळा चित्र काढलं. डोंगर तिनं लहानपणी बापाच्या पाठीवरून पाहिला होता, उरलेला मामंजींच्या तोंडून ऐकला होता. किती कागद फाडले त्याचा पत्ता नाही. शेवटचा भाग तर तिनं कसा काढला हे तिलाही सांगता आलं नसतं. गावात बाजाराची गडबड होती, सगळे बाहेर गेले होते, कुणी हाक मारली नाही, आणि संध्याकाळी पाहते तो झोपडी काढून झालेली.

आणि आज तो दिवस उजाडला होता.

मामंजींच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. देशेंग मेजाच्या अगदी पुढ्यात, डोळ्यांत तेल घालून उभा. रुईलियन खुर्ची मागवून बसली. नवी सून, सुवेईचा मुलगा, स्वयंपाकीण, कारकून, सगळे दाटीवाटीनं. मामंजींनी वहाणा चढवल्या, काठी घेतली, आणि चक्क शिदोरी मागितली. नव्या सुनेनं धावत जाऊन तिळाची पोळी आणली, ती त्यांनी छातीशी अंगरख्यात खोचली.

"चला," म्हातारा म्हणाला. त्याचे डोळे लहान पोरासारखे चमकत होते.

सुवेईनं गुंडाळीचं उजवं टोक उलगडलं.

बोट पायथ्याशी टेकलं. "हं. बांबूचं बन. वारा मागून येतोय, बरं झालं." बोट पुढं सरकलं. "पायऱ्या. कुणी घडवल्यात गं या? उंचसखल आहेत."

"मुद्दाम तशाच ठेवल्यात मामंजी. तुम्हीच म्हणाला होतात, तिथं पायाकडं बघून चालावं लागतं."

"म्हणालो होतो खरं." म्हातारा खुदकन हसला आणि धापा टाकायला लागला. खोलीतल्या अर्ध्या लोकांनाही आपोआप धाप लागली. स्वयंपाकीण तर कमरेवर हात ठेवून "अगं आई गं" म्हणाली.

गुंडाळी पुढं सरकली. ओढा आला, पांढरा, फेसाळ, आणि वाट त्याच्या काठाशी येऊन सरळ पाण्यात शिरत होती.

"पूल कुठाय?" देशेंगनं मेजावर थाप मारली. "बाबा, पूलच नाही! अडखळलात!"

म्हातारा कागदावर वाकला, नाक जवळजवळ पाण्याला लागलं. पाण्याखाली फिक्या, अगदी पुसट शाईचे गोल गोल ठिपके पलीकडच्या काठापर्यंत गेले होते.

"गाढवा," म्हातारा मुलाला म्हणाला, "रात्री पाऊस झालाय वर. दगड पाण्याखाली गेलेत. असंच होतं तिथं! वहाणा काढा माझ्या, वहाणा! भिजतील!"

आणि नव्या सुनेनं खरोखर त्यांच्या वहाणा काढल्या. ओढा पार करेपर्यंत म्हातारा "थंड आहे, थंड आहे" म्हणत दात वाजवत राहिला. पलीकडं पोचल्यावर सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, कारकुनानं तर टाळीच वाजवली. देशेंगनं त्याच्याकडं असं पाहिलं की बिचारा दारामागं गेला. एवढ्या उकाड्यात मामंजींची पावलं मात्र खरंच गार पडली होती, नवी सून शपथेवर सांगायची.

पुढं एक खडक आला, रुंद, सपाट आणि पलंगाएवढा लांब. बोट थांबलं.

"हा नव्हता तिथं."

"नव्हता," सुवेई म्हणाली. "तुमचा पाय सरळ ठेवून बसता येईल असा काढला. एवढं चढून दमाल म्हणून."

म्हाताऱ्यानं तिळाची पोळी काढली, निम्मी खाल्ली, निम्मी परत खोचली. डोळ्यांच्या कडा ओल्या झालेल्या होत्या. ते झाकायला तो उगाच खोकला.

"पुढं," तो म्हणाला.

सुवेईनं गुंडाळी सरकवली आणि वाट संपली. पुढं कागद होता. नुसता कागद. हातभर, दोन हात, पांढरा शुभ्र, एक रेघ म्हणून नाही.

"इथलं काढायचंच राहिलंय की!" रुईलियन म्हणाली. "वहिनी, शाई संपली होती का?"

कुणीतरी फिसकन हसलं. पण म्हाताऱ्याचं बोट उचललं गेलं नाही. ते कोऱ्या कागदावर सरकलं, आणि मधोमध थांबलं. म्हाताऱ्यानं डोळे मिटले.

थांबलं म्हणजे किती थांबावं! खोलीतली कुजबुज आधी वाढली, मग कमी झाली, मग बंदच पडली. दारात फेरीवाला ओरडून गेला, कुणी वळून पाहिलं नाही. अंगणातल्या रांजणात नळीतून ठिबकणारं पाणी सुवेईला ऐकू येऊ लागलं. इतकी वर्षं ते तिथं ठिबकत होतं आणि तिनं ते कधी ऐकलं नव्हतं. म्हाताऱ्याचा चेहरा सैल झाला होता, कपाळावर एक आठी नव्हती. त्यांच्याकडं बघता बघता तिचाही श्वास संथ झाला. जिंकणं, हरणं, देशेंग, रुईलियन, सगळं दूर कुठंतरी गेलं. भीतीसुद्धा गेली. उभी राहून पाय भरून आले म्हणून ती हळूच पलंगाच्या कडेला जमिनीवर बसली आणि ठिबकणारं पाणी ऐकत राहिली.

देशेंगला मात्र राहवेना. त्यानं घाबरून बापाच्या नाकापाशी बोट नेलं.

"जिवंत आहे मी, मूर्खा," डोळे न उघडता म्हातारा म्हणाला. "धुक्यात आहे. चाललास की दरीत पडतोस इथं. बसायचं असतं. गप्प बस."

देशेंग गप्प बसला. तो खरोखर जमिनीवर बसला, हे त्याला स्वतःलाही नंतर कळलं.

काही वेळानं म्हाताऱ्यानं डोळे उघडले. "निवळलं," तो म्हणाला, आणि बोट पुढं निघालं. नव्या सुनेनं गुंडाळी सरकवली. कागदावर आधी एक पाइनचं झाड उगवलं, मग कड्याची कड, आणि तिथं, अगदी कडेशी, गवताचं छप्पर! छोटीशी झोपडी, खिडकी दरीकडं उघडी.

"पोचले!" मुलगा ओरडला. "आजोबा पोचले!"

"थांब," म्हातारा म्हणाला. बोट झोपडीच्या दाराशी येऊन खिळलं होतं. आवाज बदलला होता. "आत कुणीतरी आहे."

झालं! खोलीत एकदम कालवा उठला. खिडकीत खरंच माणूस होता. तीन-चार रेघांचा, तांदळाच्या दाण्याएवढा, पण होता.

"माझ्या झोपडीत माणूस कुठून आला?" म्हातारा थरथरत होता. "एवढा चढून आलो एकटं बसायला, आणि इथं कुणी आधीच ठाण मांडलंय! कोण आहे तो?"

"तुम्हीच आहात, मामंजी," सुवेई खालूनच म्हणाली. "सगळेच काढतात झोपडीत एक माणूस. मला वाटलं, तुम्हाला काढावं."

"मी आत बसलोय, तर मग चढून कोण आलं?"

देशेंग उठून उभा राहिला, त्याचा चेहरा फुलला होता. "अडखळले! ऐन दारात अडखळले! सगळे साक्षीदार आहेत. वहिनी, आता हा विषय बंद!"

सुवेईला वाटलं जमीन दुभंगावी. शाई कागदात मुरलेली, ती पुसता येत नाही, वर काही चढवता येत नाही. ओढा जमला, धुकं जमलं, आणि शेवटी ही एवढीशी चूक! सगळेच काढतात म्हणून काढलेली! किती मूर्खपणा! तिला स्वतःचा असा राग आला की डोळ्यांतून पाणीसुद्धा येईना.

"माझं भिंग द्या," म्हातारा म्हणाला.

स्फटिकाचं भिंग आलं. म्हाताऱ्यानं ते खिडकीवर धरलं आणि बराच वेळ पाहिलं.

"सूनबाई, वाटेत मला बसायला खडक केलास. का केलास?"

"तुमचा गुडघा वाकत नाही म्हणून."

"म्हणजे माझा गुडघा तुझ्या ध्यानात होता."

"होता, मामंजी."

"मग याचा गुडघा कसा वाकलाय?" त्यानं भिंग पुढं केलं. "रुईलियन, तुझी नजर तीक्ष्ण आहे. बघ. कोण आहे हा?"

रुईलियन भिंतीला धरून पुढं आली, वाकली. चित्रांतलं तिला काही कळत नव्हतं. पण बसणं? रोज ज्यावरून टोकलं ते बसणं तिला काळोखातही ओळखू आलं असतं. डावा गुडघा उभा, त्यावर हनुवटी, नजर दूर कुठंतरी.

"अगं बाई!" तिनं तोंडावर हात नेला. "या तर वहिनी!"

सगळ्यांनी खाली पाहिलं. पलंगाच्या कडेला सुवेई बसली होती. डावा गुडघा उभा, हनुवटी त्यावर. सगळे आपल्याकडं का बघतात हे तिला क्षणभर कळलंच नाही. मग तिनं स्वतःच्या गुडघ्याकडं पाहिलं, आणि कळलं. झोपडी काढताना कुणी हाक मारली नव्हती. त्या दुपारी तिच्या मनात मामंजी नव्हतेच. दुसरं कुणीच नव्हतं.

"मी अडखळलो नाही, देशेंग," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज आता स्वच्छ होता, आणि त्यात आनंद मावत नव्हता. "दाराशी थांबलो. दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी माणूस थांबतोच. ही तिथं आधीच जाऊन बसलीय! तू परवानगी कसली देतोस? खाली आणायची असेल तर चढ आता, आण ओढून!"

देशेंग मेजापासून मागं सरला.

"आणि तुमची शाई?" सुवेईनं विचारलं. तिला एकाच वेळी हसू आणि रडू फुटत होतं.

"गुडघा गेलाय माझा, हात नाही. उगाळीन मी." मग म्हाताऱ्यानं नव्या सुनेला खूण केली. पलंगाखाली काढून ठेवलेल्या गवती वहाणा तिनं उचलून सुवेईसमोर ठेवल्या. सुवेईनं पाय घातले. पुरुषी मापाच्या वहाणा तिला अगदी बेतलेल्यासारख्या बसल्या. रुईलियननं त्या पायांकडं पाहिलं, पण या खेपेला ती काही बोलली नाही.

तेवढ्यात बाहेरचं दार खडखडलं. पलीकडच्या गल्लीतल्या मावशी आल्या होत्या, त्यांचा आवाज थेट अंगणात पोचला. "थोरली! ए थोरली! आहेस का घरात? जरा लोणच्याचं विचारायचं होतं!"

सुवेई सवयीनं उठायला लागली. रुईलियननं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं, भिंत धरत धरत दारापर्यंत गेली, आणि बाहेर डोकं काढून म्हणाली, "वहिनी डोंगरावर गेल्यात."